दहा महिन्यांत बारा नंबर: सॅम बर्जेसचं प्रकरण

२०१५ चा रग्बी युनियन विश्वचषक इंग्लंडनं भरवला आणि इंग्लंडच साखळीत गारद झालं. मुख्य यजमानावर अशी पाळी त्याआधी कधी आली नव्हती. प्रशिक्षकावर टीका झाली, कर्णधारावर झाली, पण मोठं खापर फुटलं ते सॅम बर्जेसच्या डोक्यावर. रग्बीचा लीग हा प्रकार सोडून युनियन या दुसऱ्या प्रकारात येऊन त्याला पुरतं वर्षही झालं नव्हतं. ३ ऑक्टोबरला इंग्लंडचं आव्हान संपलं. ५ नोव्हेंबरला बर्जेसनं बाथ क्लब सोडला आणि तो सिडनीला, आपल्या जुन्या लीग संघाकडे परत गेला. बाथबरोबरच्या तीन वर्षांच्या करारातली दोन वर्षं अजून शिल्लक होती.

तेव्हापासून एक समज पक्का झाला आहे. लीगचा मोठा खेळाडू युनियनमध्ये आला, त्याला झेपलं नाही, मग तो पळून गेला. मला हा समज खोटा वाटतो आणि बर्जेसवर अन्याय करणाराही. त्याला एक नवा खेळ शिकायला दहा महिने मिळाले आणि त्या दहा महिन्यांत त्यानं कोणती जागा शिकायची हेही त्याच्या वरच्या लोकांचं ठरत नव्हतं. प्रकरणाचा गाभा हा आहे. बाकीचं सगळं याच्याभोवती फिरतं.

टॅकलनंतर काय होतं?

लीग आणि युनियन ही एकाच झाडाची दोन खोडं. १८९५ च्या ऑगस्टमध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडचे बावीस क्लब मूळ संघटनेपासून वेगळे झाले. भांडण मजुरीचं होतं. खाणीत आणि गिरणीत राबणारे खेळाडू सामन्यासाठी शनिवारचं काम सोडत, तेवढा पगार बुडे. ती भरपाई क्लबनं द्यावी अशी उत्तरेची मागणी होती आणि लंडनच्या सद्गृहस्थांना ती मान्य नव्हती. ज्यांनी गिरणगावात पाळी सांभाळून कबड्डी खेळणाऱ्यांच्या गोष्टी ऐकल्या आहेत, त्यांना हे भांडण समजावून सांगावं लागणार नाही. पुढची शंभर वर्षं लीगमध्ये पैसे घेऊन खेळलेल्या माणसाला युनियनची दारं बंद होती. ऑगस्ट १९९५ मध्ये युनियन स्वतःच व्यावसायिक झालं, तेव्हा कुठे दोन्हीकडची वाट मोकळी झाली.

मधल्या शतकात खेळ मात्र फार दूर गेले होते. लीगमध्ये तेरा खेळाडू, युनियनमध्ये पंधरा. ट्राय, म्हणजे चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवणं; त्याला लीगमध्ये चार गुण, युनियनमध्ये पाच. हे फरक दोन दिवसांत पाठ होतात. अवघड फरक वेगळाच आहे आणि तो टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडणं, झाल्याच्या पुढच्या दोन सेकंदांत दडलेला आहे.

लीगमध्ये चेंडूवाला पडला की खेळ क्षणभर थांबतो. तो उठतो, चेंडू जमिनीवर ठेवतो, टाचेनं मागे सरकवतो. बचाव करणारे दहा मीटर मागे जाऊन पुन्हा ओळीत उभे राहतात. असे सहा टॅकल झाले की चेंडू दुसऱ्याला जातो. म्हणजे दर काही सेकंदांनी चित्र स्वच्छ होतं: हे आमचे, ते त्यांचे, मध्ये मोकळी जागा. या खेळाची सगळी क्रूरता समोरासमोरच्या धडकेत आहे. दहा मीटर पळत आलेला शंभर किलोचा माणूस आणि दहा मीटर पळत आलेला दुसरा शंभर किलोचा माणूस.

युनियनमध्ये टॅकल झाला की खेळ थांबत नाही, उलट खरी मारामारी तिथूनच सुरू होते. पडलेल्यानं चेंडू सोडायचा असतो. उभे असलेले दोन्हीकडचे लोक त्याच्यावर तुटून पडतात. या गर्दीला रक म्हणतात. प्रत्येक रकपाशी प्रत्येक खेळाडूला एक प्रश्न सोडवावा लागतो: मी आत घुसू, की बाहेर थांबून ओळ सांभाळू? आत गेलो आणि चेंडू मिळाला नाही, तर ओळीत एक माणूस कमी. बाहेर राहिलो आणि शेजारचाही राहिला, तर चेंडू गेला. याचं उत्तर अर्ध्या सेकंदात द्यायचं असतं. युनियनमध्ये वाढलेला मुलगा ते दहाव्या वर्षापासून देत आलेला असतो. पंचविशीत आलेल्या माणसाला ते विचार करून द्यावं लागतं, आणि विचार करायला तिथे वेळ नसतो.

दोन खेळांतली ही दरी किती खोल आहे हे बाथला चांगलं माहीत होतं. मे १९९६ मध्ये युनियनचा तेव्हाचा बलाढ्य क्लब बाथ आणि लीगचा बलाढ्य क्लब विगन दोनदा भिडले. मँचेस्टरला लीगच्या नियमांनी सामना झाला, विगननं तो ८२–६ असा जिंकला. मग ट्विकनहॅमला युनियनच्या नियमांनी झाला, तो बाथनं ४४–१९ असा घेतला. तीच माणसं, तोच महिना, नुसता नियम बदलला.

आपल्याकडे हे सगळ्यात चांगलं कुस्तीवाल्यांना कळेल. मातीतला पैलवान मॅटवर गेला की ताकद तीच राहते, पण डाव, वेळ, गुण सगळं बदलतं. १९४८ साली लंडन ऑलिम्पिकला गेलेले खाशाबा जाधव मॅटच्या कुस्तीला नवखे होते. ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक आणलं. चार वर्षांनी, हे लक्षात ठेवा.

कोण होता हा माणूस

बर्जेस यॉर्कशायरमधल्या ड्यूजबरीचा, म्हणजे लीगच्या माहेरचा. वडील मार्क लीगच खेळलेले. मोटर न्यूरॉन आजारानं ते २००७ मध्ये गेले, तेव्हा सॅम अठरा वर्षांचा होता. चार भाऊ: ल्यूक, सॅम आणि जुळे टॉम व जॉर्ज. सॅम ब्रॅडफर्ड बुल्सकडून पुढे आला आणि २०१० मध्ये सिडनीच्या साउथ सिडनी रॅबिटोजकडे गेला. मग एकेक करून भाऊही तिथेच पोचले आणि २०१३ मध्ये चारही जण एकाच सामन्यात, एकाच संघात मैदानावर उतरले. हा तपशील मी उगीच देत नाही. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये तो परत का गेला याचं अर्धं उत्तर इथे आहे.

लीगमध्ये तो पुढच्या फळीचा माणूस होता. साडेसहा फुटांच्या जवळ जाणारी उंची, त्याला साजेसं वजन, आणि सामन्याच्या पहिल्या मिनिटापासून अंगावर जाण्याची तयारी. २०१४ च्या सुरुवातीलाच जाहीर झालं होतं की हंगाम संपला की तो बाथला जाणार. पुढच्या वर्षी मायदेशात विश्वचषक होता आणि त्यात इंग्लंडकडून खेळायचं त्याच्या मनात होतं.

जाण्याआधी ५ ऑक्टोबर २०१४ ला ऑस्ट्रेलियातल्या लीग स्पर्धेचा अंतिम सामना झाला. साउथ सिडनी १९७१ नंतर पहिल्यांदा विजेतेपदाच्या दारात उभं होतं, समोर कँटरबरी बुलडॉग्ज. सामन्याच्या पहिल्याच टॅकलला बर्जेसचं डोकं समोरच्या जेम्स ग्रॅहमवर आदळलं आणि त्याच्या गालाचं हाड मोडलं, डोळ्याची खोबण तडकली. तो बाहेर गेला नाही. सुजलेल्या चेहऱ्यानं खेळत राहिला, साउथ सिडनीनं ३०–६ असा सामना जिंकला आणि सामनावीराचं क्लाइव्ह चर्चिल पदक त्यालाच मिळालं. सामना संपल्यावर तो रडत होता. लीगच्या इतिहासात इतकी धैर्याची ऐंशी मिनिटं फार थोडी आहेत.

पण वेळेच्या हिशेबात पाहिलं तर त्या टॅकलची किंमत मोठी होती. शस्त्रक्रिया झाली, हाडं जुळायला आठवडे गेले, आणि ज्याला शून्यापासून शिकायचं होतं त्याचे सुरुवातीचेच दिवस त्यात गेले.

सहा की बारा

बर्जेस बाथकडून पहिल्यांदा उतरला तो २८ नोव्हेंबर २०१४ ला, हार्लेक्विन्सविरुद्ध, राखीव खेळाडूंमधून. बाथचा प्रशिक्षक माइक फोर्ड स्वतः ओल्डहॅमचा, लीग खेळून मग युनियनमध्ये प्रशिक्षक झालेला. म्हणजे ही वाट त्याच्या पायाखालची. युनियनमध्ये जर्सीचा नंबर म्हणजे मैदानावरची जागा. फोर्डनं बर्जेसला आधी सेंटरला, बारा नंबरला खेळवून पाहिलं. काही महिन्यांत त्याचं मत झालं की या माणसाची जागा पुढच्या फळीत, सहा नंबरला, ब्लाइंडसाइड फ्लँकर म्हणून आहे. वसंतात बर्जेस तिथेच खेळू लागला आणि सामन्यागणिक बरा होत गेला. त्या मोसमात बाथनं प्रीमियरशिपची, म्हणजे इंग्लंडमधल्या क्लबस्पर्धेची, अंतिम फेरी गाठली, तिथे सॅरसन्सनं त्यांना २८–१६ असं हरवलं.

सहा नंबर त्याला का सोपा गेला? फ्लँकरचं काम टॅकल करणं, चेंडू घेऊन घुसणं आणि रकमध्ये खांदा देणं. मेहनत बेसुमार, पण प्रश्न जवळचे, हाताच्या अंतरावरचे. लीगमध्ये त्यानं आयुष्यभर जे केलं त्याच्याशी याचं नातं होतं.

बारा नंबरचं तसं नाही. तो दहा नंबरच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्या फ्लायहाफच्या शेजारी उभा राहतो. हल्ला कुठून फिरवायचा यात तो दहाचा दुसरा डोळा असतो. बचावात तर त्याला सतत बोलावं लागतं: पुढे चला, थांबा, बाहेर सरका, मागे किक येतेय. समोरची ओळ कशी उभी आहे यावरून दोन डाव पुढचं ओळखावं लागतं. तो चुकला तर भोक पडतं ते त्याच्या शेजारी, आणि चूक दुसऱ्याची दिसते. या जागेवर ताकदीहून ओळख जास्त लागते. ओळख खेळून खेळूनच येते, जिममध्ये येत नाही.

आणि इंग्लंडला तो नेमका बारा नंबरलाच हवा होता. मुख्य प्रशिक्षक स्टुअर्ट लँकेस्टर, आणि बचावाचा प्रशिक्षक अँडी फॅरेल. जानेवारीतच इंग्लंडच्या दुसऱ्या फळीच्या संघातून त्याला आयर्लंडच्या तशाच संघाविरुद्ध सेंटरला खेळवून झालं होतं. म्हणजे क्लब त्याला फ्लँकर घडवत होता आणि देश त्याच्याकडे सेंटर म्हणून पाहत होता. आठवडाभर एका जागेचे संस्कार, शिबिरात दुसऱ्या जागेचे. जो आधीच नवी भाषा शिकतोय, त्याला एकाच वेळी दोन बोली शिकवल्यासारखं हे झालं.

इथे मला सगळ्यात जास्त बोचते ती एक गोष्ट. अँडी फॅरेल हा स्वतः विगनचा आणि ग्रेट ब्रिटनचा लीग कर्णधार. २००५ मध्ये तो युनियनमध्ये, सॅरसन्सकडे आला. दुखापतींमुळे पहिलं वर्ष वाया गेलं. त्याच्याही बाबतीत तोच वाद झाला: फ्लँकर की सेंटर? फेब्रुवारी २००७ मध्ये स्कॉटलंडविरुद्ध त्यानं इंग्लंडकडून पदार्पण केलं, बारा नंबरलाच. (हा सामना कलकत्ता कपासाठी असतो. तो चषक १८७८ मध्ये कलकत्त्याच्या फुटबॉल क्लबनं बंद पडताना शिल्लक चांदीचे रुपये वितळवून बनवला होता.) फॅरेल इंग्लंडकडून एकूण आठच कसोट्या खेळला, सगळ्या २००७ मध्येच. ज्या वाटेवर स्वतःचे पाय पोळले, त्याच वाटेवर आठ वर्षांनी बर्जेसला पाठवणाऱ्यांत तो होता. कदाचित आपल्याला न मिळालेलं याला मिळेल अशी त्याची आशा असेल. ती आशा मी समजू शकतो. पण त्याच्याकडे जो अनुभव होता तो इंग्लंडमध्ये दुसऱ्या कुणाकडे नव्हता आणि त्या अनुभवाचा कौल उलटा होता.

२६ सप्टेंबर

१५ ऑगस्ट २०१५ ला फ्रान्सविरुद्ध बर्जेसनं इंग्लंडकडून पदार्पण केलं. बारा नंबर, विजय १९–१४, आणि एक पिवळं कार्डही. बारा दिवसांनी विश्वचषकाचे ३१ खेळाडू जाहीर झाले. सेंटर चार: ब्रॅड बॅरिट, जोनाथन जोसेफ, हेन्री स्लेड आणि बर्जेस. त्याच वर्षीच्या सिक्स नेशन्स या युरोपातल्या सहा देशांच्या स्पर्धेत इंग्लंडचा बारा नंबर असलेला ल्यूथर बरेल वगळला गेला. बरेलला काय वाटलं असेल याचा विचार त्या वेळी थोड्यांनीच केला. आणि बर्जेसला, निवड त्यानं केली नसूनही, ड्रेसिंगरूममध्ये त्या जागेचं ओझं घेऊन बसावं लागलं.

पहिला सामना फिजीविरुद्ध, ३५–११. बर्जेस उत्तरार्धात आला. मग जोसेफ जायबंदी झाला आणि २६ सप्टेंबरच्या वेल्सच्या सामन्यासाठी लँकेस्टरनं जो संघ निवडला तो आजही वादाचा विषय आहे. तेरा नंबरसाठी, म्हणजे बाहेरच्या सेंटरसाठी, खरा पर्याय स्लेड होता, त्याला घेतलं नाही. नेहमी बारा नंबरला खेळणारा बॅरिट तेराला सरकवला आणि बाराला बर्जेस आला. दहा नंबरवर जॉर्ज फोर्डच्या जागी ओवेन फॅरेल. जॉर्ज फोर्ड हा माइक फोर्डचा मुलगा आणि बाथमध्ये बर्जेसचा सोबती, ओवेन हा अँडीचा. म्हणजे वर्षभर ज्याच्या शेजारी सराव केला तो दहा नंबरही बर्जेसला मिळाला नाही. बॅरिट परक्या जागी, बर्जेस पोरक्या जागी, दोघांच्या मध्ये बोलायची सवय नाही.

डाव साधा होता. वेल्सचा बारा नंबर जेमी रॉबर्ट्स हा धडक मारून ओळ फोडणारा दांडगा माणूस, त्याला अडवायला तितकाच दांडगा माणूस. आणि खरं सांगायचं तर बर्जेसनं ते काम केलं. मध्यंतराला इंग्लंड १६–९ असं पुढे होतं. तासाभरानंतर त्याला बाहेर काढून जॉर्ज फोर्डला आणलं, तेव्हाही इंग्लंड पुढेच होतं.

त्यानंतर जे झालं ते रग्बीच्या चाहत्यांना पाठ आहे. वेल्सचे मागच्या फळीतले तीन खेळाडू जखमी होऊन गेले होते, रकमधून चेंडू बाहेर देणाऱ्या स्क्रमहाफ लॉइड विल्यम्सला विंगला, म्हणजे कडेला, उभं करावं लागलं होतं. त्यानंच धावता धावता डाव्या पायानं चेंडू आत मारला, गॅरेथ डेव्हिसनं तो उचलून ट्राय केला, २५–२५. मग डॅन बिगरनं जवळजवळ मैदानाच्या मध्यावरून पेनल्टी साधली. वेल्स २८–२५. शेवटच्या मिनिटांत इंग्लंडला पेनल्टी मिळाली. तीन गुण घेऊन बरोबरी साधता आली असती. कर्णधार ख्रिस रॉबशॉनं कोपऱ्यात लाइनआउट, म्हणजे सीमेवरून चेंडूची फेक, मागितली आणि वेल्सनं त्यांना तिथेच सीमेबाहेर ढकललं.

या पराभवाच्या साखळीत बर्जेसची कडी कुठे आहे ते मला दाखवा. आठवडाभरानं ऑस्ट्रेलियानं ३३–१३ असं हरवलं, त्यातही तो सुरुवातीला नव्हता. स्लेडला त्या विश्वचषकात खेळायला मिळालं ते इंग्लंड बाहेर पडल्यावर, उरुग्वेविरुद्ध. इंग्लंडकडून बर्जेसच्या एकूण कसोट्या पाच, त्यातल्या सुरुवातीपासूनच्या दोन: फ्रान्स आणि वेल्स. ११ नोव्हेंबरला लँकेस्टरनंही पद सोडलं.

त्याच्या विरुद्ध बाजूनं जे बोललं जातं त्यात तथ्य आहेच. बाथनं पैसा आणि वर्ष त्याच्यावर लावलं होतं. तो थांबला असता तर दुसऱ्या हंगामात चांगला सहा नंबर झाला असता असं मलाही वाटतं. क्लबला राग येणं स्वाभाविक होतं. पण तो आपल्या माणसांत परत जात होता. आई आणि भाऊ सिडनीला, खेळ सिडनीला, आणि इंग्लंडमध्ये मात्र एका देशाच्या अपयशाला त्याचं नाव चिकटलेलं. सव्वीस वर्षांच्या माणसानं त्यातून कुटुंबाकडे जाणं याला मी पळणं म्हणणार नाही. पुढे तो साउथ सिडनीकडूनच खेळला, आणि २०१९ मध्ये खांद्याच्या दुखापतीनं त्याला थांबावं लागलं.

त्याच संघातला दुसरा

दहा महिने कमी पडले म्हणतो, तर कुणी विचारेल: जेसन रॉबिन्सनचं काय? तो २००० च्या अखेरीस लीगमधून सेल क्लबकडे आला आणि पुढच्या फेब्रुवारीत इंग्लंडकडून खेळला. २००३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्यानंच ट्राय केला. प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर जागेत आहे. रॉबिन्सन विंगचा, कधी फुलबॅकचा खेळाडू. कडेला, मोकळ्या जागेत, चेंडू हातात आला की समोरच्याला चकवायचं. रकची गणितं तिथे कमी सोडवावी लागतात. शिवाय १९९६ च्या हिवाळ्यात तो काही महिने युनियन खेळून गेला होता, तेही बाथलाच. बारा नंबरशी तुलना करायची तर सनी बिल विल्यम्सशी करावी. तो २००८ मध्ये लीगमधून फ्रान्सच्या तुलाँ क्लबला गेला, दोन हंगाम तिथे शिकला, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये ऑल ब्लॅक्सकडून, म्हणजे न्यूझीलंडकडून, उतरला.

पण मला सगळ्यात बोलकं उदाहरण वाटतं ते बेन टेओचं. ५ ऑक्टोबर २०१४ च्या त्या अंतिम सामन्यात तो बर्जेसच्याच संघात होता, तोही पुढच्या फळीचाच. त्याच हिवाळ्यात तोही युनियनमध्ये गेला, डब्लिनच्या लेन्स्टर क्लबकडे. त्याच्यासाठी कोणताही विश्वचषक वाट पाहत नव्हता, वर्तमानपत्रं मागे लागली नव्हती. लेन्स्टरनं त्याला सेंटर ठरवलं आणि सेंटरच ठेवलं. दोन हंगाम तो तिथे शिकला, मग इंग्लंडला वुस्टर क्लबकडे आला. नोव्हेंबर २०१६ मध्ये, युनियनमध्ये येऊन दोन वर्षांनी, इंग्लंडकडून पदार्पण.

२४ जून २०१७, ऑकलंडचं ईडन पार्क. ब्रिटिश अँड आयरिश लायन्स, म्हणजे ब्रिटन आणि आयर्लंडच्या निवडक खेळाडूंचा संयुक्त संघ, यांची न्यूझीलंडविरुद्धची पहिली कसोटी. लायन्सच्या बारा नंबरच्या जर्सीत बेन टेओ. समोर ऑल ब्लॅक्सच्या बारा नंबरला सनी बिल विल्यम्स. दोघेही लीगमध्ये घडलेले, दोघेही नव्या खेळाला दोन-दोन वर्षं देऊन इथवर आलेले. आणि लायन्सच्या बचावाचा प्रशिक्षक होता अँडी फॅरेल.